तारेवरचे कपडे

आखाती युद्धात सौदीच्या सीमेवरच्या आमच्या खफजी गावावर तोफगोळे पडायला लागले, नि गाव सोडून पळायचं त्याच दिवशी आमच्या जुन्या गाडीचा सायलेन्सर लोंबायला लागला. शेजारचा मेकॅनिक गाडीखाली शिरला. गंजून अडकलेल्या बोल्टाला म्हणतो, "ये रे राजा, ये बाहेर."

आमचे हे ओरडले, "अरे, मरू ना सगळे इथंच!"

"त्याच्यावर ओरडू नका, भाईजान. तुटेल."

बोल्ट तुटलाच. मग सायलेन्सर बांधायला तो माझ्या कपड्यांच्या तारेकडे गेला. आकाश फुटतंय नि हा एकेक कपडा उतरवून घडी घालतोय!

"राहू दे रे," मी म्हटलं.

"चुरगळतील, भाभी."

मग तार कापली, सायलेन्सर बांधला. लढाईपासून दूर, जुबैलला जिवंत पोचलो. सगळं सामान विस्कटलं होतं, त्यानं घातलेल्या घड्या तेवढ्या मोडल्या नव्हत्या.