हलकी काठी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पण बुरुडाच्या दुकानावरून जाताना ओल्या बांबूचा वास आला, की माझं पाऊल आजही अडखळतं. लढाई संपली आणि थोरला भाऊ पलटणीतून घरी आला, तो उजव्या हातातली निम्मी ताकद घालवून. तिकडं त्याचा साहेब लांब काठी दोन्ही हातांनी फिरवायचा आणि दोरीला पिसांची खोटी माशी बांधून मासे धरायचा. "दोन हातांनी मलाबी जमंल. हलकी काठी बघ रं," म्हणून भावानं मला सांगलीला धाडलं. बुरुडानं दोन काठ्या पुढं ठेवल्या. मी हलकी उचलून पाहत होतो, तोच त्यानं विचारलं, "कुणासाठी?" म्हटलं, "भावासाठी. पलटणीत हुता." "आवं, मग त्याला हलकी न्हेताय व्हय? भारी न्या की!" मी गोंधळलो. भावानं हलकी म्हटलं ते वजनाला, हे ठाऊक होतं. तरी शिपायाला हलका माल न्यायचा कसा? भारीच घेतली. कृष्णेच्या काठावर भावानं ती फिरवायला उचलली, उजव्या हाताला वजन पेललं नाही आणि काठी पाण्यात पडली. "गड्या, बंदूक कशी धरत हुतास रं?" कुणीतरी हसलं. भावानं मला हळूच विचारलं, "दुकानात हिच्याहून हलकी न्हवती व्हय?" मी म्हणालो, "न्हवती." "मग ह्यो हात गेलाच म्हणायचा," तो म्हणाला. पुन्हा त्यानं त्या हातानं काही उचलून पाहिलं नाही. तो अजून आहे, समोरच्या ओसरीवर बसतो. दुकानात हलकी काठी होती, हे सांगण्याचं देणं मी त्याला अजून लागतो.