धूर वाचणारे आबा

फायरमनआबांना अक्षरं फारशी वाचता येत नसत, पण धूर वाचता येई. दिवस उगवायच्या सुमाराला ते शाळेच्या ओट्यावर येऊन उभे राहत, टोपी मागे सारून गावाच्या डोक्यावर बघत आणि कुणाच्या घरी काय चाललंय ते सांगत. पिवळट, जड, छपरावरच रेंगाळणारा धूर म्हणजे ओल्या गोवऱ्या. निळसर आणि सरळ वर जाणारा म्हणजे वाळलेली बाभूळ, म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी. भसकन येऊन विरून जाणारा म्हणजे तुराट्या, म्हणजे सरपण संपत आलेलं. आणि एखाद्या छपरावर काहीच दिसलं नाही तर आबा बोलणं अर्धवट सोडून ओट्यावरून उतरत. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "चूल न्हाई पेटली, बाई. बघून येतो." जाताना त्यांच्या धोतराच्या सोग्यात काहीतरी बांधलेलं असायचं. ते काय होतं हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.

मी शिरूरची. सत्तरीचं दशक उताराला लागलं होतं तेव्हा राहूच्या अलीकडच्या एका लहान गावात शिक्षिका म्हणून गेले. विशी नुकतीच ओलांडली होती आणि अख्ख्या जिल्ह्यात आपल्याइतकं सुंदर अक्षर कुणाचं नाही अशी माझी समजूत होती. माझी खोली शाळेला लागूनच. शाळेच्या एका अंगाला वरची आळी, म्हणजे मळे आणि गोठे असलेली जुनी घरं. दुसऱ्या अंगाला उतारावर खालची आळी, म्हणजे बौद्धवस्ती. तिथलं अगदी शेवटचं घर आबांचं. दौंडला कोळशाच्या इंजिनावर फायरमन म्हणून उभी हयात काढून ते गावी परतले होते. मुलगा दौंडलाच रेल्वे कॉलनीत होता, सूनही जीव लावणारी होती, पण आबांना तिथं करमत नसे.

रेल्वे सुटली तरी आबांच्या बोलण्यातून गाडी काही उतरली नाही. उशिरा आलेल्या पोराला ते "लेट हाय आज" म्हणत आणि गप्पिष्ट माणसाला "आउटरला थांबा जरा", म्हणजे स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला. पण धुराबद्दल बोलायला लागले की आवाज एकदम खाली येई. चांगल्या फायरमनचं इंजिन धूर सोडत नाही, असं ते सांगत. "काळा धूर म्हंजी कोळसा वाया. डायवर आमच्याकडं बघायचाच न्हाई, निस्ता धुराड्याकडं बघायचा आन् वळखायचा, गडी जागा हाय का झोपलाय." जाळ दिसावा, धूर दिसू नये, हे त्यांचं एका ओळीचं शास्त्र होतं.

त्यांची बायको ते निवृत्त झाले त्याच वर्षी छातीच्या आजारानं गेली होती. त्याबद्दल ते माझ्याजवळ एकदाच बोलले, तेही पोरं सुटल्यावर पटांगणात पडलेल्या लांब सावल्यांकडे बघत. "मी इंजनापुढं, ती चुलीपुढं. जाळ दोघांनी सारखाच घातला, बाई. मला पगार व्हता, तिला निस्ता खोकला." त्या दिवशी मला कळलं, की हा माणूस रोज सकाळी धूर वाचतो तो हौसेनं नव्हे. खालच्या आळीच्या छपरांवर एक दिवस धूरच नसावा आणि तरीही प्रत्येक घरात भाकरी असावी, एवढं एकच त्यांना मरण्याआधी बघायचं होतं.

तेव्हा रॉकेलसाठी दौंडला रांगा लागत. परदेशात तेल महागलं आणि आमच्या गावात कंदिलाची वात खाली आली. अशात पंचायत समितीची योजना आली, गावानं मिळून बांधायच्या गोबरगॅसची. काही भार सरकारचा, काही गावाचा. आबांनी ते पत्रक माझ्यापुढे ठेवलं आणि अर्ज लिहायला बसवलं. माझ्या सुंदर अक्षराची त्यांनी जराही पत्रास ठेवली नाही. त्यांचं म्हणणं, 'नम्र विनंती' एकदाच घाला, दोनदा घातली की साहेबाला वाटतं घाई न्हाई. मी चिडून पुन्हा लिहायची. पुढे मोठमोठ्या कचेऱ्यांना अर्ज केले, पण विनंती एकदाच करायची सवय लागली ती लागलीच.

गावाला गॅस नको होता. गरिबीपायी नव्हे, भीतीपायी. शेणातून जाळ काढून घेतला तर मागे उरेल ते लोणी काढलेलं ताक, त्यात खताची ताकद कुठून राहणार, असं वरच्या आळीतल्या जाणत्यांचं ठाम मत होतं. आबांनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "ताकावर वाढल्याली पोरं न्हाई बघितली व्हय कुनी?" आणि कवठे येमाईकडच्या एका शेतकऱ्याच्या गॅसमधून बाहेर पडलेली शेणाची रबडी दोन डबे भरून एसटीच्या टपावरून आणली. कंडक्टरनं डब्यात काय आहे विचारलं तेव्हा आबा शांतपणे म्हणाले, औषध. शाळेच्या परसात आम्ही मेथीचे दोन वाफे केले. एकाला शेणखत, एकाला ती रबडी. रबडीची मेथी वीतभर पुढे गेली. वरच्या आळीतली माणसं सहज चालल्यासारखी शाळेमागून जात, वाफ्याशी थबकत आणि काहीच न बोलता पुढे सरकत. महिनाभरात गॅस हवाच असं सगळ्यांचं आधीपासूनच मत असल्याचं ठरलं.

आणि इथंच खरी गोम होती. सरपंच अण्णा मनानं वाईट नव्हते, पण निवडणूक जवळ आली होती आणि मतं वरच्या आळीत जास्त होती. त्यांनी साधा, सरळ वाटणारा नियम काढला, ज्याचं शेण त्याचा गॅस. कुणाला त्यात खोट दिसेना. खालच्या आळीत मिळून दोन म्हशी आणि एक म्हातारा बैल. म्हणजे वरच्या आळीतल्या टाकीपासून नळी शाळेपर्यंत येणार आणि तिथून उतारावर जाणारच नाही. आबांच्या स्वप्नाची वाट माझ्या खोलीच्या दाराशी संपत होती.

ग्रामसभा शाळेच्या पडवीत भरली. बाया वर्गात बसल्या होत्या, खिडकीच्या गजांआड. अण्णांनी नियम वाचून दाखवला, माणसांनी माना डोलावल्या. तेव्हा आबा उठले. पुढ्यातला रस्ता दाखवून म्हणाले, "हंगामात कारखान्याच्या गाड्या हितनं जात्यात. बैल परगावचा, ऊस मळेवाल्याचा, रस्ता सरकारचा. मंग वाटंत पडल्याला पो कुनाचा?"

आता हा प्रश्न आमच्याकडे कुणालाही विचारा. शेण गोळा करत फिरणाऱ्या पोरीबाळींचा कायदा कुणी लिहून ठेवलेला नाही, पण तो मोडलेलाही कुणी पाहिला नाही. रस्त्यात शेणाचा ताजा पो दिसला आणि पाटी भरलेली असली, तर त्यात काडी खोवायची. मग तास जावो नाहीतर दिवस, दुसरी कुणी त्याला हात लावत नाही. मी स्वतः शिरूरला लहानपणी काड्या खोवल्या आहेत, हे मात्र शाळेची बाई असल्याच्या तोऱ्यात मी गावापासून लपवून ठेवलं होतं. आणि उसाच्या गाड्यांची ती वाट खालच्या आळीला चिकटून जात होती. पहाटेपासून तिथल्या बायांच्या काड्या तिथं उभ्या असत.

उत्तर पडवीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. सरपंचांच्या आई, गाव त्यांना जिजी म्हणायचं, गज धरून उभ्या होत्या. "काडी जिची, पो तिचा," त्या म्हणाल्या. "ह्यात सभा कसली भरवलीस, अण्णा? तुझी आई काड्या खोवूनच मोठी झाली." अण्णांनी कपाळावरचा घाम पुसला, मग त्यांना स्वतःलाच हसू आलं. खालच्या आळीच्या बायांच्या शेणाच्या पाट्या टाकीवर घ्यायच्या आणि नळी उतारावर न्यायची, असं त्याच कागदावर मी माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं. अण्णांचं मन बदलायच्या आत लिहायची घाई होती, त्यामुळे ते तितकंसं सुंदर आलं नाही.

शाळेपर्यंतची नळी योजनेतून आली. पुढची आबांनी आपल्या फंडातून घेतली आणि चर खालच्या आळीनं खणला. माप आबांनीच पावलांनी घेतलं होतं. ऐनवेळी हौसा नावाच्या एका विधवेच्या नव्या झोपडीकडे फाटा काढला, आणि नळी हौसाच्या दारात संपली. पुढचं, आबांचं शेवटचं घर तसंच राहिलं. मी हळहळले तर आबा म्हणाले, "गार्डाचा डबा कायम शेवटी असतो, बाई. झेंडा तिथनंच दावायचा असतो." त्यांचं माप चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही.

त्या दिवसांची आठवण आली की अजूनही मला सगळं किंचित तरंगत असल्यासारखं दिसतं. टाकीवरचं लोखंडी झाकण रात्रीतून आपोआप वर उचललेलं असे आणि स्वयंपाक उरकला की हलकेच खाली बसे. गावाच्या कुशीत काहीतरी सावकाश श्वास घेतंय असं वाटायचं. पहिल्या संध्याकाळी हौसाच्या शेगडीवर निळी ज्योत उभी राहिली तेव्हा बायांनी सवयीनं डोळ्यांना पदर लावला, आणि मग पदर तसाच हातात धरून बघत राहिल्या. आबा दारात उभे होते. आत आले नाहीत. नदीवरून येणाऱ्या धुक्याकडे आणि वरच्या मोकळ्या आभाळाकडे आळीपाळीनं बघत होते. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी ओट्यावर येत, वर बघत आणि म्हणत, "आज वाचायला कायबी न्हाई." इतकं सुख मी दुसऱ्या कुणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही. चहा मात्र ते स्वतःची किटली घेऊन हौसाच्या दारी करत.

पहिल्याच थंडीत खालच्या आळीची ज्योत अचानक मेली. वरच्या आळीनं गॅसची चावी फिरवली, अशी आवई उठली. निवडणूक आठवड्यावर होती आणि पंचायतीसाठी खुद्द आबाच उभे होते. तरणी पोरं पेटून उठली. आबांनी जमिनीवर आडवं होऊन नळीला कान लावला. आत पाणी डुचमळत होतं. थंडीनं नळीत पाणी धरलं होतं, बाकी काही नाही. पोरं म्हणाली, आबा, चार दिवस गप राहा, मतं पडूद्यात. आबांनी तिथंच नळीचा जोड सोडून पाणी काढलं आणि सगळ्यांना ते बघायला लावलं. म्हणाले, "खोटा सिग्नल दिला की आपलीच गाडी पडती." पोरं रुसली, आबा पडले. निकालाच्या दिवशी ते माझ्याकडे आले आणि थंडीत नळी पोत्यानं गुंडाळावी म्हणून पंचायतीला अर्ज लिहायला सांगितला. विनंती एकदाच.

दुसऱ्या थंडीत आबा गेले. झोपेतच. गारठा इतका होता की गॅस निम्म्यावर आला होता, ज्योत करंगळीएवढी. मला पहाटे कुणीतरी दार वाजवून सांगितलं. बाहेर आले आणि सवयीनं ओट्यावर उभी राहून वर पाहिलं. वरच्या आळीवर धूर होता. एका घरावर नाही, सगळ्या घरांवर, वर्षभरानंतर. काही पिवळट, काही निळसर. गॅस बंद पडला, आबांच्या मागोमाग तोही संपला, असं मला वाटलं. तशीच उतारावरून खाली गेले.

आबांना शेवटची अंघोळ घालायची होती. त्यांच्या घरी चूल होती, पण ती कुणी पेटवली नव्हती. पाणी हौसाच्या शेगडीवर ठेवलं होतं, आणि भल्यामोठ्या पातेल्याखाली ज्योत पूर्ण उभी होती, पहिल्या संध्याकाळी होती तशी. मला काही उमगेना. हौसा माझ्याकडे न बघताच म्हणाली, "जिजी पहाटं वरच्या आळीत घरोघर फिरल्या. म्हनल्या, आज चाव्या बंद करा आन् चुली पेटवा. आबाचं पानी धुरावर तापाया नगं."

अण्णा दाराबाहेर टोपी हातात घेऊन उभे होते. खालच्या आळीत त्या सकाळी कुठंही धूर नव्हता, तरी तिथल्या प्रत्येकाचे डोळे चुरचुरत होते.