मान्य केलेला टँकर

बसा, चहा टाकलाय. तो येईपर्यंत माझी एक फजिती ऐकून घ्या. मंत्रिपदाच्या काळातली नाही. त्या फजित्या पेपरात छापून आल्यात, तुम्ही वाचल्या असतील. ही रेडिओवरची.

मंत्रिपद गेलं, पुढच्या निवडणुकीत पडलो, आणि घराच्या पायरीवरच्या चपला एकदम कमी झाल्या. सकाळी उठून करायचं काय? अशात नांदेडच्या एका लहानशा रेडिओ केंद्राने विचारलं, लोकगीतांचा कार्यक्रम कराल का. मला गाण्याचा नाद, बोलण्याचा त्याहून जास्त. लगेच हो म्हटलं.

एकच अट घातली. तिथली निवेदिका माझी ओळख करून देताना 'माननीय माजी मंत्री' म्हणायची. मी म्हटलं, बाई, तेवढा 'माजी' गाळा. भातातल्या खड्यासारखा दाताखाली येतो. आणि लोकांना काय माहीत नाही का? तिने गाळला. घोळ इथूनच सुरू झाला.

श्रोते पोस्टकार्डावर गाणं मागायचे. मी कार्ड वाचायचो आणि शेवटी ठसक्यात म्हणायचो, 'मान्य!' सवय हो, जाता जात नाही. शिष्टमंडळ आलं की निवेदन घ्यायचं, मान्य म्हणायचं, चहा पाजून वाटेला लावायचं. निवेदनात काय लिहिलंय ते मनावर घ्यायचं नसतं, हे मला एका बुजुर्ग मंत्र्याने पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं.

तर तो दुष्काळाचा उन्हाळा. विष्णुपुरीला धरणाचा तळ दिसायला लागलेला, लातूरकडे तर विचारूच नका. अहमदपूरच्या पलीकडच्या एका वस्तीवरून गयाबाई नावाच्या म्हातारीचं कार्ड आलं. नातीकडून लिहून घेतलेलं. एक भीमगीत मागितलं होतं. त्याखाली लिहिलं होतं की टँकर गावाच्या विहिरीत पाणी ओतून तिथूनच माघारी जातो, आमच्या वस्तीत येत नाही, तर तो यावा. मी सगळं एका दमात वाचलं, 'मान्य!' म्हटलं आणि गाणं लावलं.

त्याच आठवड्यात टँकर वस्तीत. झालं असं की वस्तीतले चार जण तहसिलात गेले आणि म्हणाले, मंत्रिसाहेबांनी रेडिओवर मान्य केलंय. तिथला अधिकारी विदर्भातून नुकताच बदलून आलेला. त्यानेही कार्यक्रम ऐकला होता. 'माननीय मंत्री' हे शब्द स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर विषाची परीक्षा कोण बघतो? दिला टँकर वळवून.

बातमी पसरली आणि कार्डांचा पाऊस पडला. दुसरा कुठला पडतच नव्हता. कुणाला एसटीचा थांबा पाहिजे, कुणाला विजेचा खांब. गाण्याचं नाव कार्डाच्या कोपऱ्यात, तेही कधीकधी. मला वाटलं, काय ही लोकप्रियता! बायकोला म्हटलं, बघ, मंत्री असताना एवढी पत्रं येत नव्हती.

"गाण्यापायी येऊन राहिलीत का ते बघा एकदा," ती म्हणाली. मी बघितलं नाही.

मग देगलूरकडच्या एका मास्तरांनी नवा जिल्हा मागितला. नव्या जिल्ह्याची हवा तेव्हा होतीच, प्रत्येक तालुक्याला वाटायचं आपलाच होणार. मी वाचलं, मान्य केलं आणि एक पोवाडा लावला. संध्याकाळी मास्तरांच्या गावात पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या तालुक्यात बंद, आणि चौकात माझा पुतळा जाळला. मंत्री असताना एकदाही कुणी जाळला नव्हता. खोटं कशाला बोलू, थोडं बरंच वाटलं.

केंद्राच्या साहेबांना मात्र बरं वाटलं नाही. त्यांनी बजावलं, येत्या कार्यक्रमात स्वतःच्या तोंडाने सांगा की मी माजी आहे आणि मला कसलाही अधिकार नाही. नाहीतर कार्यक्रम बंद.

सांगायला माझं काय जात होतं? पण टँकरचं काय? त्या अधिकाऱ्याने 'माजी' ऐकलं की वस्तीचं पाणी तुटणार. माझ्या हौसेपायी म्हाताऱ्या बायांनी उन्हात पुन्हा कोसभर हंडे वाहायचे. झोप उडाली माझी. शेवटी ठरवलं, रेडिओवर सांगायच्या आधी त्यांच्या दारात जाऊन सांगावं.

गेलो. टँकर उभाच होता, बाया घागरी भरत होत्या. गयाबाईंनी बाज टाकली, तांब्याभर पाणी दिलं. मग धीर करून सगळं सांगितलं, की मी आता मंत्री नाही, हे रेडिओवर सांगणं भाग आहे, आणि मग टँकर बंद झाला तर मला माफ करा.

म्हातारी शांतपणे म्हणाली, "बंद न्हाई व्हायचा. तहसीलवाल्या सायबाला आमीच सांगितलं तुमी मंत्री न्हाईत म्हनून. त्यो हितं येऊन घागरींची रांग बघून गेला. म्हनला, मंत्री असो नसो, टँकर वस्तीत येनार."

माझा जीव भांड्यात पडला. तिथेच उठायला पाहिजे होतं. पण नाही, विचारलंच, "पण मावशी, मी मंत्री नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगाया पायजे? तुमी मंत्री असताना ह्याच बाजंवर बसून टँकर मान्य केला हुता. लई वाट बघितली. आवंदा मान्य म्हनलात आन् आठवड्यात टँकर दारात. तवाच म्हनलं, सायबाचं मंत्रिपद गेलं जनू."