ओर्पाचं सरपण

तिमोरच्या डोंगरात बाळंतीण विस्तवाशेजारी झोपते. गोल झोपडीत बाजेखाली निखारे असतात आणि सासू ते विझू देत नाही. फेर्देरिका स्वतः चारही बाळंतपणांत अशीच शेकली होती.

तरी आमच्या दवाखान्यातला विस्तव विझवला तो तिनेच. लांबच्या गरोदर बायका दिवस भरेपर्यंत ज्या घरात राहतात, ते घर ती सांभाळते. मी शेजारच्या खोलीत हिशेब लिहितो. सेल्फिना नावाची पोर आली होती, आणि तिची सासू ओर्पा डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन. बाळंतपणानंतर सुनेला इथे शेकता येईल का, हे बघायला ओर्पाने पडवीत जाळ केला. फेर्देरिकाने त्यावर बादली ओतली. वर सुनावलं, "हे सरकारी घर आहे, बाई. तुझं रान नाही."

सासूसुना तशाच निघाल्या. सेल्फिना वाटेतच बाळंत झाली. ती वाचली, बाळ गेलं.

फेर्देरिकाला कोणी बोल लावला नाही. इथे विस्तव पेटवायचा नाही, हा नियम भिंतीवर लिहिलेलाच होता. मीही तिला तेच सांगितलं. ती म्हणाली, "बादली भिंतीने नव्हती उचलली."

आमच्याकडे माफी मागायची तर आधी पानसुपारीचा डबा पुढे ठेवतात. समोरच्याने विडा उचलला, की मग बोलायचं. फेर्देरिका डबा घेऊन डोंगर चढली. ओर्पाने विड्याला हात लावला नाही. एवढंच विचारलं, "तुझ्या बाळंतपणात तू कुठे झोपली होतीस?"

ती उतरली ती थेट दवाखाना चालवणाऱ्या सुईणबाईंकडे गेली. घरामागे गोल झोपडी बांधा, नाहीतर दुसरी बाई बघा, म्हणाली. बाळाला धूर बाधेल, ही सुईणबाईंची काळजी खरी होती. शेवटी छपराला मोठं धुराडं ठेवायचं आणि बाळाला दाराशी निजवायचं, असं ठरलं. झोपडी झाली, डोंगरातल्या बायका येऊ लागल्या. त्यांनी कौतुक केलं, की फेर्देरिका काहीतरी काम काढून उठून जाई.

यंदा सेल्फिना पुन्हा आली. दिवस भरत आलेले. मागे ओर्पा, डोक्यावर मोळी. फेर्देरिकाने डबा पुढे केला.

ओर्पाने मोळी तिच्या पायाशी टाकली. "विड्याचं नंतर बघू. आधी हे पेटवून दाखव."

फेर्देरिकाच्या हातातल्या दोन काड्या विझल्या.

"पाणी ओतताना नव्हता गं हात थरथरला," ओर्पा म्हणाली आणि वाऱ्याच्या बाजूला आडोसा करून बसली.

तिसऱ्या काडीने जाळ धरला. विडा डब्यातच राहिला. सेल्फिनाने मात्र आपलं बोचकं उचलून आत नेऊन ठेवलं.