विरूपाक्षप्पाचा डावा पाय

आयुष्यभर लोकांनी नाचताना माझे पाय बघितले, टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. मी मात्र अर्धा हंगाम दुसऱ्याच्याच पायाकडं बघत काढला. आमच्या नाटक कंपनीचा ड्रायव्हर विरूपाक्षप्पा, त्याचा तो डावा पाय. आणि तो हलत नव्हता.

साल त्र्याऐंशी असेल. सेलूला सामानाची पेटी उतरवताना ती अप्पाच्या गुडघ्यावर पडली. महिन्याभरानं तो परत आला; कपाळाला भस्म, अंगात इस्त्रीचा शर्ट. "बरा झालो," म्हणाला आणि गाडीत बसला. अँबॅसिडरच्या पुढच्या सलग सीटवर त्याच्या शेजारी मी बसायची. दुसऱ्याच दिवशी माझ्या ध्यानात आलं, गिअर बदलतोय पण क्लचवर पाय जातच नाही. गुडघा दुमडत नव्हता त्याचा.

काय कान होता हो त्या माणसाचा! अ‍ॅक्सिलेटर सोडायचा, गिअरचा दांडा न्यूट्रलला आणायचा, इंजिनाचा आवाज उतरू द्यायचा. तो नेमक्या पट्टीत आला की दोन बोटांनी दांडा पुढच्या गिअरात. खालचा गिअर टाकायचा तर आधी इंजिनाला जरा गुरगुरू द्यायचं. खट्ट नाही की खर्र नाही! पण हे चालत्या गाडीत. उभी गाडी हलवायला क्लच लागतोच, म्हणून अप्पा गाडी कायम उतारावर लावायचा. लोकांना वाटायचं, बॅटरी जपतोय.

"अक्का, कुणाला बोलू नका," तो म्हणाला. "घरी बायको भागम्मा हाय, दोन पोरी हायत. मला दुसरं काईच येत न्हाई."

मी नाही बोलले. आमचा तबलजी सटवाजी बोलला. झरीला खेळ झाला, पुढचा पूर्णेला होता आणि सकाळी मालक, व्यंकटराव, गाडीत माझ्या डावीकडं येऊन बसले. एरवी ते रेल्वेनं जायचे.

"अप्पा, पाय गेलाय म्हणतेत तुझा. पूर्णेपर्यंत बघतो. खरं निघालं तर किल्ली माझ्याकडं."

"बघा की, मालक."

उतारानं गाडी निघाली. मधे माझं लुगडं असल्यानं मालकांना खालचं काही दिसत नव्हतं. ते नुसते मान लांब करत होते. नामांतराचे दिवस, रस्ता कुठं अडेल याचा नेम नाही. चार माणसं घोळक्यानं दिसली की वाटायचं, आता गाडी थांबवावी लागणार. पुढं बैलगाडी आली, मेंढरं आली. अप्पा गोगलगायीसारखा सरकत राहिला, पण थांबला नाही. मी हातातल्या बांगड्या नुसत्या फिरवत होते.

आणि पूर्णेच्या अलीकडं रेल्वेचं गेट बंद! रस्ता ताटासारखा सपाट.

मालगाडी गेली. गेट उघडलं. मागून ट्रक बोंबलायला लागला. अप्पाच्या कानशिलावरून घाम वाहत होता. मला राहवेना. लुगड्याखालून उजवा पाय सरकवला आणि क्लच दाबला. अप्पानं चमकून बघितलं, पहिला गिअर टाकला. पण मला काय ठाऊक सोडायचा कसा? मी पटकन पाय उचलला. गाडीनं बोकडासारखी उडी घेतली आणि बंद पडली. मालकांची टोपी खाली पडली. ती उचलायला ते वाकले, तर समोर क्लचवर माझी जोडवी.

"हा पाय कुणाचा?"

मी काहीतरी रचून सांगणार, तोच अप्पा बोलला, "अक्काचा. माझा हालत न्हाई, मालक. झरीपासून क्लच न दाबताच आणलं तुमाला."

मागून ट्रकवाला ओरडला, "ओ नाटकवाले, खेळ हितंच लावताव का?"

मालकांनी टोपी झटकली. "एकदाबी वाजला न्हाई गिअर," ते स्वतःशीच पुटपुटले. मग मला म्हणाले, "बाई, दाबा. या बारीला हळू सोडा, टकुरं एकच हाय मला."

पूर्णेला पोचताच त्यांनी किल्ली काढून घेतली. शब्द तो शब्द. पण अप्पाला घालवलं नाही. पडद्याची दोरी त्याच्या हातात दिली, पगार तोच.

पोरींच्या जेवणाचा प्रश्न मिटला. अप्पाच्या जिवाची तगमग काही मिटली नाही. नवा ड्रायव्हर चंद्रभान मालकांना स्टेशनावरून आणायला गाडी काढायचा, आणि विंगेत अप्पा दोरी आवळून उभा, कान बाहेर गाडीकडं. एकदा माझा रडण्याचा प्रवेश रंगात आलेला, अर्धं वाक्य तोंडात, आणि पडदा धाडकन खाली! लोकांनी हुर्यो केली.

"अप्पा, काय केलंत हे?"

"तिसरा गिअर लय लवकर टाकला, अक्का, त्यानं," अप्पा म्हणाला. माझ्याकडं त्यानं बघितलंही नाही.