स्टँडिंग
फरशीवर प्लास्टिकची खुर्ची करकरत मागे सरकली की मला सोलापुरातल्या घरातली ती संध्याकाळ आठवते. काकूंनी मेलेल्या बहिणीचा मुलगा पोटच्यासारखा वाढवला, पण दत्तकाचा कागद करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तो अमेरिकेत एका गोदामात यंत्राखाली सापडून गेला, आणि काकूंच्या नावाने तिथल्या फेडरल कोर्टात, म्हणजे केंद्राच्या न्यायालयात, दावा दाखल झाला. सुनावणी ऑनलाइन होती; तिथं सकाळ, इथं दिवेलागण. गल्लीत यंत्रमागांची खटखट चालू होती, म्हणून खिडक्या लावल्या होत्या आणि आत जीव उकडून निघत होता. लॅपटॉपवर न्यायाधीश दिसले, तशा काकू खुर्ची मागे सारून उठल्या आणि डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिल्या. "बसा की काकू," मी म्हणालो. "कोर्टात सायबापुढं बसत्यात व्हय?" न्यायाधीशांनी अपघाताचं नावही काढलं नाही. या बाई कायद्याने मुलाच्या कुणी लागत नाहीत, त्यांना 'स्टँडिंग' नाही, असं म्हणून त्यांनी दावा काढून टाकला. दोन वाक्यांत पोर परकं केलं. "काय म्हनलं?" काकूंनी विचारलं. दाद मागायचा हक्क, हा त्या शब्दाचा अर्थ मला तेव्हा सुचेना. "तुम्हाला उभं राहायचा हक्क नाही म्हणतात." "आन् मी मगाधरनं उभीच हाय की!" आज वकिली करताना तो शब्द माझ्याही तोंडी असतो. त्या सुनावणीत वकील सोडून बाकी ऐकणाऱ्यांनी कॅमेरा बंद ठेवायचा, असा तिथला नियम होता. काकू उभ्या होत्या, हे तिथं कुणाला दिसलंसुद्धा नाही.