विलायतेतला वॉर्ड आणि मिरजगावचा फोन

इंग्लंडमधली एक निवडणूक मी मिरजगावात खाटेवर बसून जिंकून दिली, अशी गावात पक्की समजूत आहे. ती खोटी आहे. परवा सरपंचकीचा एक उमेदवार माझा सल्ला घ्यायला आला, तेव्हा मात्र मन खायला लागलं. खरं काय ते लिहून टाकतो.

आमची सूनबाई तिकडच्या नगरपालिकेला उभी राहिली होती. मी फोनवर विचारलं, "भावकीची मतं किती?"

"आप्पा, इथं कसली भावकी! लोक पक्ष बघतात, रस्त्यातले खड्डे बघतात. आमच्या वॉर्डात तर सगळं कचऱ्याच्या गाडीवर आहे. ती दर आठवड्याला यावी म्हणून मी दारोदार फिरतेय. लढत अटीतटीची आहे हो!"

कचऱ्यावर मत? पोरगी पडणार! मी तडक जामखेडच्या भाऊसाहेबांना फोन लावला. हे आमचे लांबचे पाहुणे. त्यांचा मुलगा नितीन सूनबाईच्याच वॉर्डात राहतो.

"भाऊसाहेब, नितीनला सांगा, मत आपल्या सूनबाईलाच."

"सांगतो की. पर आमच्या पुतनीच्या लग्नाला तुमी आला न्हाई."

"आवं, कंबर धरली हुती!"

"व्हय? अन् त्याच दिशी बाजारात बैलाचे दात बघत हुता ते?"

झालं! दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी जामखेड गाठलं आणि दोन लेकरांची आई झालेल्या पुतणीला लग्नाचा आहेर केला. भाऊसाहेब विरघळले. तिथल्या तिथं त्यांनी फोन लावला. (तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती, हे आम्हा दोघा मुत्सद्द्यांच्या ध्यानीमनी नाही!)

"दादा, कोण गेलं?" नितीन किंचाळला.

"कुनी न्हाई गेलं. मत कुनाला द्यायचं ते ऐक!"

मी फोन हिसकावला. "नुसतं व्हय म्हनू नगंस. बेलभंडारा उचल!"

"काका, भंडारा कुठून आणू?"

"मग हळदीच्या डब्यावर हात ठेव!"

डबा पडल्याचा आवाज आला, मागोमाग लेकरू रडल्याचा. मतदानापर्यंत रोज सकाळी मी त्याला शपथेची आठवण करून दिली.

सूनबाई निवडून आली! हलगी, गुलाल, फ्लेक्स. फ्लेक्सवर माझा फोटो तिच्यापेक्षा मोठा! त्या गुलालातच तिचा व्हिडिओ कॉल आला.

"आप्पा, कचऱ्याच्या गाडीनं तारलं!"

"अन् नितीननं!"

"नितीनभाऊजींनी? ते आधी माझाच प्रचार करत होते. शेवटी शेवटी समोरच्यांची पत्रकं वाटायला लागले. म्हणाले, 'वहिनी, तुमच्याबद्दल तक्रार नाही. तुमच्या सासऱ्यांना एकदा पाडायचंय.'"

तेव्हा नोंद असू द्या. त्या निवडणुकीत मी मिरजगावातून एक मत फोडलं, हे खरं आहे. फक्त ते आमचंच होतं!